अनंत चतुर्दशीआधी उभा राहिलेला सर्व्हर: इंदूरच्या एका स्थानिक वाहिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापडगिरण्यांच्या कामगारांची ही परंपरा. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले, हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी झांक्या निघतच राहिल्या. जेल रोड, एमजी रोड, कृष्णपुरा, जवाहर मार्ग, राजवाडा अशी ही मिरवणूक रात्रभर चालते आणि अर्धं शहर रस्त्यावर असतं. उरलेलं अर्धं टीव्हीसमोर बसतं. ज्या वाहिनीबद्दल इथे लिहितो आहे, तिच्या वर्षातली सर्वांत मोठी रात्र हीच.

वाहिनी लहान आहे, केबलवर दिसते. बातम्या हिंदीत असतात. आठवड्याला अर्ध्या तासाचा एक मराठी कार्यक्रम होतो आणि तो मुंबईच्या एका वाहिनीलाही पाठवला जातो. चालवणारं कुटुंब रामबागेतलं मराठी. मालकांना सगळे दादा म्हणतात, बातम्यांचा विभाग ताईंकडे आहे आणि कॅमेऱ्यामागे सर्वांत जुने काका. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही तपशील गाळले आहेत. मी सर्व्हर उभा करण्याच्या कामात बाहेरून मदत करत होतो.

तोवरची व्यवस्था साधी होती. चित्रीकरणाची कार्डं आणि पेन ड्राइव्ह हातोहात यायचे. बाहेरगावचे वार्ताहर कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकावर एफटीपी या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने फाइल टाकायचे आणि प्रक्षेपणाचा संगणक त्याच फोल्डरवर डोळा ठेवून असायचा. रोजच्या बातम्यांना हे पुरत होतं.

अडचण

आदल्या वर्षी झांक्यांच्या रात्री एक क्लिप मध्येच तुटली. झांकी कृष्णपुऱ्याला पोचलेली, पडद्यावर ती वळताना दिसतेय आणि एकदम काळोख. दादांनी ठरवलं, नवा सर्व्हर घ्यायचा. पण नुसता नवा सर्व्हर घेऊन हा दोष गेला नसता, म्हणून आधी जुन्या तक्रारी एकेक करून तपासल्या. त्यांत तीन वेगळे आजार निघाले.

पहिला आजार अर्धवट फाइलचा. प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी फाइलचा आकार बघतं. आकार वाढायचा थांबला की फाइल पूर्ण आली असं ते धरतं. रोजच्या दिवशी हा अंदाज बरोबर ठरतो. गर्दीच्या रात्री मोबाइलचं जाळं कोंडतं, अपलोड अर्धा मिनिट अडकून पडतो आणि सॉफ्टवेअर अर्धी फाइलच पूर्ण समजून रांगेत घेतं. कृष्णपुऱ्याच्या क्लिपचं हेच झालं होतं.

दुसरा आजार जास्त फसवा. देवासच्या वार्ताहराच्या क्लिपमध्ये चित्राचे चौकोन उडायचे, तेही पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. त्याच्या लॅपटॉपवर तीच क्लिप स्वच्छ चालायची. सगळ्यांचा संशय लाइनवर. दोन्हीकडचे आकार शेजारी ठेवून पाहिले, तर आमच्याकडची फाइल किंचित लहान होती, दर जीबीमागे सुमारे पंधरा हजार बाइट कमी. हा आकडाच पुरावा ठरला. एफटीपीत पाठवण्याचे दोन प्रकार असतात, मजकुरासाठी आस्की आणि बाकी सगळ्यासाठी बायनरी. विंडोजवरून लिनक्सवर आस्कीत पाठवलं की ओळ संपल्याची दोन बाइटची खूण एका बाइटची केली जाते. व्हिडिओत ओळी नसतात, पण तेच दोन बाइट शेजारी-शेजारी योगायोगाने येतच राहतात, साधारण दर ६५,५३६ जागांमागे एकदा. एक जीबीत ते पंधरा हजारांच्या घरात जातात. तेवढ्या ठिकाणी एकेक बाइट कापला जात होता. १५ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिटच्या, फाइलमध्ये याचा अर्थ सेकंदाला पंचवीसहून जास्त जखमा. त्या वार्ताहराच्या जुन्या बॅच फाइलमध्ये ‘बायनरी’ ही एक आज्ञा नव्हती, एवढंच.

तिसरा आजार फक्त मराठी कार्यक्रमाला व्हायचा. कार्यक्रमाच्या भागांची नावं देवनागरीत असत. ‘दुसऱ्या’ हा शब्द नावात असला की प्रक्षेपणाची यादी ‘फाइल सापडत नाही’ म्हणायची आणि फाइल मात्र समोर दिसत असायची. कारण ‘ऱ्या’ दिसायला एकच असला तरी संगणकात तो निदान तीन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवरून थेट ऱ आणि हलन्त येतो, दुसऱ्यावरून र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण येते, आणि जुन्या मॅकची डिस्क त्याच ऱचे र आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवते. यादी एका संगणकावर टाइप केलेली, फाइल दुसऱ्यावर तयार झालेली, मग जुळणार कशी? शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्करचनेत (फाइल सिस्टिममध्ये) नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. ‘विशेष भाग’ छाप लांबलचक नावं तिथेच कापली जायची.

या तिन्हींत वेगाचा प्रश्न कुठेच नाही, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. खरेदीची चर्चा मात्र वेगापासून सुरू झाली होती. ‘लाइन वाढवू या, मोठं मशीन घेऊ या,’ असं दादा म्हणत होते, आणि कळकळीने म्हणत होते. खरा प्रश्न होता की फाइल पूर्ण आणि शाबूत आली आहे, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून.

पर्याय

तीन पर्याय टेबलावर होते: सगळं क्लाउडवर, तयार एनएएस पेटी (जाळ्याला जोडून वापरायची साठवणपेटी), किंवा स्वतः जोडलेला लिनक्स सर्व्हर.

क्लाउडचा हिशोब पटकन आटोपला. वाहिनीचं चित्रीकरण एक्सडीकॅम एचडी ४२२ या व्हिडिओ प्रकारात, ५० एमबीपीएस. तासाभराचं नुसतं चित्र २२.५ जीबी आणि आठ ट्रॅकचा आवाज धरला तर सुमारे २७ जीबी. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण मिळाली तरी चढवायला ३६ मिनिटं, मग तेच पुन्हा उतरवायचं. गिगाबिटच्या अंतर्गत जाळ्यावर हेच काम चारेक मिनिटांत होतं. आणि इंटरनेट गेलं तर वाहिनीच थांबणार. क्लाउड बाद.

एनएएसकडे ताईंचा कल होता आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता. रात्रपाळीला इंजिनिअर नसतो, पेटी बिघडली तर दुकानातून दुसरी आणता येते. हाताने जोडलेल्या सर्व्हरचं गुपित एकाच माणसाच्या डोक्यात राहतं. लिनक्स जाणणारं घरचं कोणी नसेल तर मीही एनएएसच सुचवेन. इथे दादांचा पुतण्या केबलचं हेडएंड (जिथून वाहिन्या केबलवर सोडल्या जातात ती जागा) सांभाळतो, आज्ञावलीत त्याचा हात बसलेला आहे. फाइल आल्यापासून यादीत दिसेपर्यंत तिच्यावर आमच्याच तपासण्या चालवायच्या होत्या, आणि त्यासाठी मोकळं मशीन बरं पडतं. म्हणून तिसरा पर्याय निवडला, पण ताईंच्या आक्षेपाला उत्तर म्हणून एक अट घातली. सर्व्हरची प्रत्येक सेटिंग लिहून ठेवायची आणि पुतण्याशिवाय आणखी एकाने ते कागद वाचून सर्व्हर पुन्हा उभा करून दाखवायचा.

डिस्कवर बराच वाद झाला. आठ टीबीच्या आठ डिस्क होत्या. अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या ‘रेड’ पद्धतीत, रेड ५ मध्ये एक डिस्क सुरक्षेला जाते, रेड ६ मध्ये दोन. दादांना १६ टीबी ‘वाया’ जाणं पटत नव्हतं. मी त्यांच्यापुढे हिशोब मांडला. आठ टीबीची बदललेली डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तरी पंधरा तास लागतात, आणि सर्व्हर कामात असेल तर कितीतरी जास्त. त्या काळात उरलेल्या सातही डिस्क सतत वाचल्या जातात आणि त्या सगळ्या एकाच दिवशी विकत घेतलेल्या असतात. रेड ५ मध्ये तेव्हा दुसरी गेली की सगळं गेलं. रेड ६ ठरलं, ४८ टीबी हाती आली. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हेही तिथेच सांगावं लागलं. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसली जाते. कार्यक्रमांच्या अंतिम प्रती वेगळ्या डिस्कवर जाऊन दादांच्या घरी राहतात.

आणखी एक निर्णय चर्चेत फारसा गाजला नाही, पण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. प्रक्षेपणाचा संगणक सर्व्हरवरून थेट काहीही वाजवत नाही. पुढच्या तासाभराच्या क्लिप तो स्वतःच्या एसएसडीवर (न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर) उतरवून घेतो आणि तिथून वाजवतो. सर्व्हर बंद पडला तरी तासभर वाहिनी चालू राहते.

काय केलं

सर्व्हरवर चार फोल्डर केले: आवक, तपासणी, तयार आणि अडकलेल्या. प्रक्षेपणाला फक्त ‘तयार’ दिसतं, बाकीचे त्याच्यासाठी नाहीतच. पाठवणारा फाइल तात्पुरत्या नावाने चढवतो आणि शेवटचा बाइट गेल्यावरच तिचं नाव बदललं जातं. नाव बदलायला फाइल कितीही मोठी असली तरी वेळ लागत नाही. एकतर जुनं नाव असतं किंवा नवं, मधली अवस्था नसते. आकार थांबला की नाही हा अंदाजच त्यामुळे उरला नाही.

पण इथे एक खाच आहे. नाव बदलणं तत्क्षणी होतं ते एकाच डिस्करचनेच्या आत. पुतण्याने आवक झपाट्याने व्हावी म्हणून ‘आवक’ वेगळ्या एसएसडीवर ठेवलं होतं. तिथून मोठ्या डिस्कवरच्या ‘तयार’मध्ये फाइल हलवली की वरून ‘हलवणं’ दिसतं, आतमध्ये मात्र संपूर्ण नक्कल होते, आणि ती चालू असताना अर्धी फाइल ‘तयार’मध्ये दिसते. म्हणजे पहिला आजार मागच्या दाराने परत आला असता. दोन मार्ग होते: एसएसडी सोडून द्यायची, किंवा मोठ्या डिस्कवर एका दडलेल्या फोल्डरात नक्कल करून मग तिथल्या तिथे नाव बदलायचं. दुसरा घेतला. एसएसडी ठेवण्याचं कारण पक्कं होतं. चार कार्डं एकदम उतरू लागली की फिरत्या डिस्कवर लिहिणं आणि व्हिडिओ संपादकांचं वाचणं एकमेकांत अडकतं.

तपासणीत तीन गोष्टी होतात. पाठवणाऱ्याने काढलेला एमडी५ (फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेली बेरजेसारखी खूण) आणि इथे काढलेला जुळतो का. फाइलमध्ये लिहिलेला कालावधी आणि खरा कालावधी एक आहे का. शेवटची काही सेकंदं उलगडतात का. एमडी५ सुरक्षेच्या कामाला आता चालत नाही, अपघाती बिघाड पकडायला तो पुरेसा आहे. नुसत्या आकारावर थांबलो नाही याला कारण आहे. तुटलेला अपलोड पुढे चालू करताना मधल्या काळात मूळ फाइल बदललेली असेल, तर आकार तंतोतंत जुळूनही आतला माल बिघडलेला असू शकतो.

कार्डांचा नियमही यावरच बेतला. काकांचं म्हणणं होतं, ‘कार्ड हातात दिलं की माझं काम संपलं, इतकी वर्षं असंच चाललंय.’ नवा नियम असा की सर्व्हरने बेरीज जुळल्याचं हिरवं चिन्ह दाखवेपर्यंत कार्ड फॉर्मॅट करायचं नाही, म्हणजे रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखं. काका आधी कुरकुरले. मग हिरवं चिन्ह बघितल्याशिवाय कार्ड न सोडणारे तेच पहिले झाले, आणि नव्या मुलांना दटावू लागले.

नावांचा नियम कडक केला: तारीख, ठिकाण, कॅमेरा आणि अनुक्रमांक, सगळं रोमन लहान अक्षरांत, मधल्या जागी अंडरस्कोर. मराठी शीर्षक हरवलं नाही, ते माहितीच्या नोंदीत राहतं आणि पडद्यावर तिथूनच येतं. ताईंना आधी हे खटकलं. मराठी कार्यक्रमाच्या फाइलला मराठी नाव का नको, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यांची खंतही मला कळते. पण सगळी साधनं ‘ऱ्या’ एकाच प्रकारे लिहू लागेपर्यंत प्रक्षेपणाची यादी त्यावर टांगणं परवडत नाही.

बाहेरून येणारं सगळं आता एसएफटीपी या सुरक्षित पद्धतीने, प्रत्येक वार्ताहराची वेगळी किल्ली, आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचं फोल्डर दिसतं. त्यात आस्कीचा पेचच नाही. एका जुन्या कॅमेऱ्याला केवळ साधं एफटीपी येतं. ते घरातल्या वेगळ्या जाळ्यापुरतं ठेवलं, कारण साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. बाहेरून कोणी आत पोचेनाच तेव्हा कळलं की इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. स्थिर पत्ता वेगळा घ्यावा लागला. कॅमेऱ्यांची आणि सर्व्हरची घड्याळं एका वेळेला लावली. लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवले, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश तसंच सांगतात.

मुंबईला जाणारा कार्यक्रम १३.५ जीबीचा आणि जायला पावणेदोन तास लागत. इथे दादांची ‘लाइन वाढवू या’ ही सूचना पुन्हा आली. जुना एफटीपी प्रोग्राम पोच मिळण्याआधी एका वेळी ६४ केबीच रस्त्यात ठेवत होता. मुंबईला जाऊन पोच परत यायला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला जेमतेम दोन एमबी जातात, लाइन १०० ची असो वा हजारची. प्रोग्राम बदलला, लाइन तीच ठेवली. आता पंचवीस मिनिटांच्या आत काम होतं.

सगळं गणेश चतुर्थीलाच सुरू केलं. स्थापना ते विसर्जन हे दिवस चाचणीला आयते मिळतात. आधी मंडळांच्या छोट्या क्लिप, मग रोजच्या बातम्या, शेवटी झांक्या.

झांक्यांची रात्र

राजवाड्यापाशी त्या रात्री मोबाइलवर भरवसा ठेवायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. दोन ते तीन मिनिटांच्या क्लिप १० एमबीपीएसच्या हलक्या रूपात पाठवायच्या आणि मूळ कार्डं दुचाकीवरून गल्लीबोळांतून आणायची. तीन मिनिटांची हलकी क्लिप २२५ एमबीची होते. कृष्णपुऱ्याजवळ दादांच्या आत्याचं घर आहे. तिथल्या ब्रॉडबँडला लॅपटॉप जोडला आणि सर्वांत वेगाने क्लिप तिथूनच आल्या. आत्यांनी रात्रभर पोरांना चहा पुरवला, ते वेगळंच.

एक निर्णय मात्र ताईंशी भांडून झाला होता. तपासणीत नापास झालेली क्लिप अडवायचीच का? त्यांचं म्हणणं, ‘झांकी पुढे गेली की क्लिप शिळी. थोडी खराब चालेल, उशिरा चालणार नाही.’ बातमीच्या बाजूने हे खरंच आहे. मध्यम मार्ग काढला. ताई किंवा पाळीप्रमुख अडकलेली क्लिप सोडू शकतात, पण तिची शेवटची दहा सेकंदं डोळ्यांनी बघितल्यावरच बटण उघडतं. त्या रात्री हे बटण वापरलं गेलं. कालावधीची नोंद चुकलेली होती, चित्र शाबूत होतं. ताईंनी बघितलं, सोडलं, क्लिप नीट वाजली.

निष्पत्ती

अर्धवट क्लिप एकही प्रक्षेपित झाली नाही. देवासची चित्रं स्वच्छ आली. ‘सापडत नाही’ ही तक्रार गेली. उत्तररात्री कार्डं एकदम येऊन पडली तेव्हा सर्व्हर हळू झाला, पण प्रक्षेपण स्वतःच्या एसएसडीवरून चालू असल्याने पडद्यावर काहीच कळलं नाही.

एक गोष्ट हुकली. एका मिलच्या झांकीची चांगली क्लिप ‘अडकलेल्या’मध्ये पडून राहिली आणि ती सकाळी सापडली. सूचना ईमेलवर जात होती, आणि झांक्यांच्या रात्री ईमेल कोण उघडतं? ज्या कामगारांनी ती झांकी उभी केली त्यांना ती त्या रात्री टीव्हीवर दिसायला हवी होती. दुसऱ्या दिवशी दोनदा दाखवली, पण ती भरपाई अपुरीच. आता अडकलेली फाइल बातम्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर लाल दिसते आणि पाळीप्रमुखाच्या फोनवर घंटा वाजते.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीआधी तक्रारींची छाननी झाली म्हणून तीन आजार वेगळे दिसले. तीच छाननी वर्षभर आधी झाली असती तर देवासचा आजार एका ओळीत, एकही पैसा न घालता बरा झाला असता. लहान वाहिन्यांनी निदान दोन्हीकडचे फाइल-आकार शेजारी ठेवून बघायची सवय लावावी. त्याला खर्च नाही.

चाचणीत भार खरा नव्हता. गणेशोत्सवात क्लिप एकेक येत होत्या, झांक्यांच्या रात्री घोळक्याने आल्या. चार कार्डं, तीन संपादक आणि बाहेरचे अपलोड एकाच वेळी चालवून एक रंगीत तालीम व्हायला हवी होती, आणि त्यात मुद्दाम एक तुटकी फाइल सोडायला हवी होती. ईमेलची पोकळी तिथेच उघडी पडली असती.

सर्व्हरचा स्वतःचा दुवा दहा गिगाबिटचा घेण्याचं काम खर्चापायी पुढे ढकललं गेलं. संपादकांना एकेक गिगाबिट पुरतं, पण त्या सगळ्यांची बेरीज सर्व्हरच्या एकाच तारेवर येते. माझ्या मते हा खर्च डिस्कच्या आधी करायला हवा होता, कारण डिस्क पुढेही वाढवता येतात आणि पहिलं वर्षभर त्या निम्म्याही भरत नाहीत.

आणि ताईंच्या अटीतला दुसरा माणूस. कागद लिहिले गेले, पण ते वाचून सर्व्हर पुन्हा उभा करण्याची परीक्षा उत्सवाच्या धावपळीत राहून गेली. काकांचा मुलगा संगणकशास्त्र शिकतो आहे आणि ती जबाबदारी त्याने घेतली आहे. गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, गर्दी रंगपंचमीला राजवाड्यावर उसळण्याआधी त्याने एका रिकाम्या मशीनवर सगळं नव्याने बसवून दाखवायचं आहे, पुतण्याला एकही फोन न करता.